नॉट म्हणजे किती? वारा, पाणी आणि बोट यांचे वेग वाचताना

तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये वारा २८ नॉट दिसतो, हवामान खात्याच्या इशाऱ्यात ताशी ४५ ते ५५ किलोमीटर लिहिलेलं असतं, आणि हर्णैहून मासेमारीला जाणाऱ्या तुमच्या भावाच्या बोटीवरचा जीपीएस नुसताच ७.५ असा आकडा दाखवतो. यातलं खरं काय धरायचं, नॉटचे किलोमीटर झटकन कसे करायचे, आणि बाकी सगळं मेट्रिक झालेलं असताना हा नॉट अजून कसा टिकून आहे? माझी सगळी नोकरी व्यापारी जहाजांवर, डेकवर गेली. हा आकडा रोज हाताळलाय, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी व्याख्या उरकून टाकू. तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट. सागरी मैल बरोबर १८५२ मीटरचा. तेव्हा १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, किंवा सेकंदाला ०.५१४ मीटर. रस्त्यावरचा जुना इंग्रजी मैल १६०९ मीटरचा. तो वेगळा, आणि या दोन मैलांची गल्लत हाच निम्म्या घोटाळ्यांचा उगम असतो. किनाऱ्यावर नुसतं ‘मैल’ म्हटलं की सागरी मैलच समजायचा. आपल्या हद्दीचे १२ मैल म्हणजे २२ किलोमीटरच्या किंचित वर, आणि २०० मैलांचं आर्थिक क्षेत्र म्हणजे ३७० किलोमीटर.

‘तासाला’ हे नॉटच्या पोटातच आहे. म्हणून ‘वारे ६० नॉट प्रतितास वेगाने वाहतील’ असं वाचलं की आमच्यासारख्यांच्या कपाळाला आठी पडते. त्याचा शब्दशः अर्थ वाऱ्याचा वेग दर तासाला ६० नॉटनी वाढत जाईल असा होतो, आणि असा वारा सुदैवाने कुणी पाहिलेला नाही. याच्या उलट, ‘बोट इथून ४० नॉट दूर आहे’ असंही काही जण म्हणतात. अंतर मैलात, वेग नॉटमध्ये. एवढं पक्कं बसलं तरी बरंच काम होतं.

आता १८५२ हा विचित्र आकडा आला कुठून? पृथ्वीवरून. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत ९० अंश. प्रत्येक अंशाची ६० मिनिटं, म्हणजे ५४०० मिनिटं. फ्रेंचांनी मीटर ठरवला तेव्हा विषुववृत्त ते ध्रुव हे अंतर एक कोटी मीटर, म्हणजे १०,००० किलोमीटर धरलं होतं. १०,००० ला ५४०० नी भागा. १.८५१८ किलोमीटर येतात. तोच सागरी मैल: अक्षांशाचं एक मिनिट. मीटर आणि सागरी मैल एकाच पृथ्वीचे वाटे आहेत, फक्त एकाने चौथाई पृथ्वीचे कोटी भाग केले आणि दुसऱ्याने अंश-मिनिटांत.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. त्यामुळे अक्षांशाचं मिनिट विषुववृत्ताजवळ साधारण १८४३ मीटर भरतं आणि ध्रुवाजवळ १८६२ मीटरच्या आसपास. मग नेमका आकडा कुठला धरायचा? इंग्रज ६०८० फूट म्हणजे १८५३ मीटर धरत, दुसरे देश दुसरं काही. १९२९ साली मोनॅकोत भरलेल्या जलआलेखन (समुद्राचे नकाशे बनवण्याच्या) परिषदेत १८५२ मीटर हा आंतरराष्ट्रीय सागरी मैल ठरला. अमेरिकेने तो १९५४ मध्ये स्वीकारला आणि ब्रिटनने १९७० मध्ये. त्यामुळे जुन्या इंग्रजी पुस्तकात १.८५३ दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका.

नॉट टिकून राहण्याचं कारणही इथेच आहे. लोक म्हणतात परंपरा, इंग्रजांची सवय. मला ते पटत नाही. इंग्रजांच्या कितीतरी सवयी समुद्रावरून गेल्या. खोली पूर्वी फॅदममध्ये, म्हणजे सहा फुटांच्या मापात असायची. आपल्याकडचे मच्छीमार अजून ‘वाव’ म्हणतात, तेच ते. नकाशांवर मात्र आता मीटर आले, आणि कुणाचं काही अडलं नाही. मैल आणि नॉट गेले नाहीत, कारण जागा सांगण्याची पद्धत अजून अंश-मिनिटांचीच आहे. जोवर जहाजाचा ठावठिकाणा अक्षांश-रेखांशात लिहिला जातो, तोवर अंतर मोजायला अक्षांशाच्या मिनिटाइतकं सोयीचं माप दुसरं नाही.

उदाहरण घ्या. गेट वे ऑफ इंडियाचा अक्षांश सुमारे १८ अंश ५५ मिनिटं. गोव्यातल्या आग्वादचा सुमारे १५ अंश २९ मिनिटं. वजाबाकी केली की ३ अंश २६ मिनिटं, म्हणजे २०६ मिनिटं. झालं: दक्षिणोत्तर अंतर २०६ सागरी मैल. ना तक्ता, ना कॅल्क्युलेटर. आग्वाद मुंबईच्या थोडं पूर्वेलाही आहे. रेखांशातला ५६ मिनिटांचा फरक या पट्ट्यात साधारण ५३ मैलांचा होतो. दोन्ही मिळून सरळ रेषेतलं अंतर २१३ मैलांच्या आसपास. १२ नॉटचं जहाज ते पावणेअठरा तासांत कापेल. प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागेल, कारण ही सरळ रेघ नकाशावर ओढलीत तर ती रत्नागिरीच्या जवळपास चक्क जमिनीवरून जाते. जहाजाला बाहेरून वळसा घ्यावाच लागतो.

रेखांशाची ५६ मिनिटं म्हणजे ५६ मैल का नाहीत? कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ-जवळ येत जातात. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचं एक मिनिट सुमारे १७५५ मीटरचं असतं, म्हणजे पुरता मैल नाही. म्हणून नकाशावर अंतर मोजताना डिव्हायडर नेहमी उभ्या कडेच्या पट्टीवर लावायचा, आडव्या पट्टीवर कधीच नाही, आणि तोही आपण जिथे आहोत त्याच अक्षांशाच्या पातळीवर. नव्या कॅडेटला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात, आणि इलेक्ट्रॉनिक नकाशे आल्यावरही शिकवतात.

पूर्वी हा वेग मोजायचे कसे, तेही सांगतो, कारण नाव तिथूनच आलंय. दोरीच्या टोकाला एक लाकडी फळी बांधून ती जहाजाच्या मागे पाण्यात सोडत. फळी पाण्यात जवळजवळ जागच्या जागी राही आणि जहाज पुढे गेलं की रिळावरची दोरी सुटत जाई. दोरीवर दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ मारलेली असे, आणि वेळ मोजायला २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ. वाळू संपेपर्यंत हातातून जितक्या गाठी गेल्या तितके नॉट. आता गणित तपासा: ४७ फूट ३ इंच म्हणजे १४.४ मीटर, भागिले २८ सेकंद, सेकंदाला ०.५१४ मीटर. वर दिलेला आकडाच आला. दोरीवरचं अंतर आणि वाळूचा वेळ यांचं गुणोत्तर मैल आणि तास यांच्याइतकंच ठेवलं होतं. म्हणून खलाशाला भागाकार करावा लागत नसे, गाठी मोजता आल्या की पुरे. वेग फार असला तर १४ सेकंदांचं घड्याळ वापरायचे आणि गाठी दुप्पट धरायचे.

इथे एक बारकावा आहे, तो मनात ठेवा. ही फळी मोजते तो वेग पाण्याच्या तुलनेतला. जमिनीच्या तुलनेतला नव्हे. याकडे पुन्हा येतो.

आता तुम्हाला खरं हवंय ते: तोंडी रूपांतर.

नॉटवरून किलोमीटर हवे असतील तर दुप्पट करा आणि मूळ आकड्याचे १५ टक्के वजा करा. २८ नॉट: दुप्पट ५६, २८ चे १५ टक्के ४.२, उरले ५१.८. अचूक उत्तर ५१.८६ आहे. चूक हजारात एकाची, म्हणजे विसरून जावी इतकी. घाई असेल तर दुप्पट करून त्यातला दहावा भाग काढा. ५६ मधून ५.६ गेले, ५०.४. हे सुमारे तीन टक्क्यांनी कमी येतं. वाऱ्यासाठी चालेल, कारण वारा स्वतःच तेवढा हलत असतो. पण लांबच्या प्रवासाला चालणार नाही. १२ नॉटने २४ तासांत २८८ मैल होतात. त्यात तीन टक्क्यांची चूक म्हणजे आठ मैल. आठ मैलांत बंदर चुकतं.

किलोमीटरवरून नॉटकडे यायचं तर ०.५४ ने गुणा. म्हणजे निम्मे करा आणि मूळ आकड्याचे चार टक्के मिळवा. ताशी १०० किलोमीटर: ५० अधिक ४, ५४ नॉट. ही युक्ती इतकी नेमकी आहे की मी कधी दुसरी शोधली नाही. इशाऱ्यातले ४५ ते ५५ किलोमीटर म्हणजे २४ ते ३० नॉट, आणि पुढे ‘झोत ६५’ (झोत म्हणजे मधूनच येणारा जोराचा वारा) लिहिलेलं असतं ते ३५ नॉट. तुमच्या ॲपमधले २८ नॉट त्या पट्ट्यातच बसतात. दोघंही एकच सांगताहेत.

सेकंदाला मीटर दिलेले असतील, काही परदेशी ॲप आणि वेधशाळा तसं देतात, तर नॉटसाठी दुप्पट करून तीन टक्के कमी करा. सेकंदाला १० मीटर म्हणजे १९.४ नॉट. उलट दिशेला निम्मे करून त्यावर तीन टक्के चढवा. सेकंद-मीटरवरून किलोमीटर हवे तर ३.६ ने गुणायचं, हे शाळेतलंच आहे. आणि अमेरिकन मैल हवे असतील तर नॉटमध्ये १५ टक्के मिळवा: ४० नॉट म्हणजे ताशी ४६ मैल.

पण ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, आम्ही ही रूपांतरं फारशी करतच नाही. तिथे वेगळेच नियम हाताशी असतात. सागरी मैलाचा दहावा भाग म्हणजे एक केबल, १८५ मीटर. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग. तेव्हा जहाज जितक्या नॉटने चाललंय, तितक्या केबल ते सहा मिनिटांत जातं. १२ नॉट, सहा मिनिटं, १२ केबल, म्हणजे १.२ मैल. रडारवर समोरच्या जहाजाची जागा सहा-सहा मिनिटांनी टिपायची पद्धत होती ती याचसाठी. दोन खुणांमधलं अंतर मैलात मोजलं, दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकवलं, की त्याचा वेग नॉटमध्ये हजर. मीटरच हवे असतील तर एक नॉट म्हणजे मिनिटाला सुमारे ३१ मीटर. दहा नॉटचं जहाज मिनिटाला ३०९ मीटर पुढे जातं. मालाने भरलेलं मोठं जहाज इंजिन उलटं फिरवूनही थांबायला बरीच मिनिटं घेतं. छोट्या बोटींनी त्याच्या पुढून आडवं जाऊ नये, यामागे हा हिशोब आहे.

तुमचा अंदाज बसावा म्हणून काही वेग सांगतो. गेट वेहून घारापुरीला जाणारी लाँच दहाएक किलोमीटर अंतराला तासभर घेते, म्हणजे पाच-साडेपाच नॉट. ट्रॉलर जाळं ओढताना दोन-तीन नॉटवर असतो. मालवाहू बल्क जहाज १२ ते १४. कंटेनर जहाजं २४-२५ नॉटसाठी बांधलेली असतात, पण आजकाल बहुतेक मुद्दाम हळू चालवतात. एकेकाळी प्रवासी जहाजांत अटलांटिक ओलांडायची चढाओढ असायची; ‘युनायटेड स्टेट्स’ नावाच्या जहाजाने १९५२ मध्ये सरासरी ३५.५९ नॉटने ती जिंकली. ताशी ६६ किलोमीटर. एसटीला हसू येईल, पण समुद्रावर एवढं वजन घेऊन हा वेग अफाट आहे.

अफाट का, ते डिझेलचा खर्च पाहिला की कळतं. पाणी कापत जाणाऱ्या बोटीला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २४ नॉटवरून १८ वर आलात तर वेग चौथाईने कमी झाला, पण ताकद ४२ टक्क्यांवर येते. अंतर कापायला वेळ जास्त लागतो हे धरूनही मैलामागे तेल जवळपास ५६ टक्केच. भावाच्या बोटीला हाच नियम लावा: ८ नॉटऐवजी ७ नॉटने गेलात तर मैलामागे साधारण चौथाई डिझेल वाचेल. जाताना घाई नसेल तर हा एक नॉट सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. येताना मासळी बर्फात असते, तेव्हा हिशोब वेगळा.

आता त्या बारकाव्याकडे. आकड्याचं एकक कळलं म्हणजे वेग कळला असं नाही. कशाच्या तुलनेतला वेग, हे आधी विचारायला हवं. जीपीएस दाखवतो तो जमिनीच्या तुलनेतला. बोट पाण्यात ७ नॉटने चाललीय आणि भरतीचं पाणी २ नॉटने समोरून येतंय, तर जीपीएसवर ५ दिसेल. इंजिन बिघडलेलं नाही. तेच पाणी पाठीमागून असेल तर ९. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत पाणी दोन-तीन नॉटने ओढतं. खंबातच्या आखातात ते सहा नॉटच्या आसपास जातं, तिथे छोटी बोट पूर्ण वेगाने चालवूनही नकाशावर जागची हलत नाही.

आणि हे जाताना-येताना फिटून जातं असं समजू नका. दहा मैलांचं अंतर, बोट ७ नॉटची. स्थिर पाण्यात जाऊन-येऊन २ तास ५१ मिनिटं. दोन नॉटचं पाणी जाताना विरुद्ध आणि येताना बरोबर असेल तर २ तास आणि १ तास ७ मिनिटं, मिळून ३ तास ७ मिनिटं. विरुद्ध पाण्यात जास्त वेळ काढावा लागतो म्हणून तोटा होतोच. अर्थात अनुभवी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, दोन्ही वेळा पाणी बरोबर असेल असंच निघतो. त्याला हे गणित करावं लागत नाही.

विमानवाल्यांकडे तर हा गोंधळ आणखी पक्का. तेही नॉटच वापरतात, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी किलोमीटर हे मुख्य एकक ठरवूनही नॉट कधी बंद करायचा याची तारीखच ठरवलेली नाही. ३५,००० फुटांवर कॉकपिटमधला वेगदर्शक २७० नॉट दाखवत असतो, तेव्हा विरळ हवेतला खरा वेग ४५० च्या वर असतो, आणि जमिनीवरचा वेग वाऱ्याप्रमाणे त्याहून कमी-जास्त. तीनही नॉटच. त्यांचंही एक सोपं गणित आहे: तीन अंशांच्या उतारावर उतरताना जमिनीच्या तुलनेतला वेग नॉटमध्ये घ्या, पाचाने गुणा, मिनिटाला किती फूट खाली यायचं ते मिळतं. १४० नॉट, ७०० फूट. किलोमीटरमध्ये ही सोय नाही.

वाऱ्याच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो: किती वेळाची सरासरी? वारा एकसारखा वाहत नाही. आपलं हवामान खातं चक्रीवादळाचा वेग तीन मिनिटांच्या सरासरीने सांगतं. अमेरिकन संस्था एक मिनिटाची घेतात. जागतिक हवामान संघटनेचं प्रमाण दहा मिनिटांचं. सरासरीचा काळ जितका कमी, तितका आकडा मोठा. त्यामुळे अरबी समुद्रातल्या एकाच वादळाचा वेग अमेरिकन संकेतस्थळावर जास्त दिसतो आणि लगेच ‘आपलं खातं लपवतंय’ असे निरोप फिरू लागतात. लपवत कुणी नसतं. नॉटचे किलोमीटर कितीही काळजीपूर्वक केले तरी हा फरक जाणार नाही, कारण तो एककाचा नाहीच.

चक्रीवादळांच्या वर्गवारीत एक गंमत आहे. १७ ते २७ नॉट डिप्रेशन (कमी दाबाचं क्षेत्र), २८ ते ३३ डीप डिप्रेशन, ३४ ते ४७ चक्रीवादळ, ४८ ते ६३ तीव्र चक्रीवादळ, ६४ ते ८९ अतितीव्र, ९० ते ११९ अत्यंत तीव्र, आणि १२० किंवा जास्त झाले की सुपर सायक्लोन. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं ‘निसर्ग’ तीव्र चक्रीवादळाच्या वर्गातलं. हे १७, २८, ३४, ४८, ६४ असे वेडेवाकडे आकडे का? कारण ते बोफर्टच्या श्रेणीच्या पायऱ्यांवर बेतलेले आहेत. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास वाऱ्याचा जोर शून्य ते बारा अशा पायऱ्यांत मांडला, तोही शिडांवरून. आकडे त्याला मागाहून चिकटले. पाचवी पायरी १७ नॉटला सुरू होते, सातवी २८ ला, आठवी ३४ ला, दहावी ४८ ला, बारावी ६४ ला. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा.

बातम्यांत हेच आकडे किलोमीटरमध्ये येतात: चक्रीवादळ ६२ ते ८८, तीव्र ८९ ते ११७. कुणी चिकित्सक वाचक ३४ ला १.८५२ ने गुणून म्हणेल, हे तर ६३ झाले, ६२ कसे? नॉट पूर्णांकात मोजतात, ३३.५ च्या पुढचा वारा ३४ म्हणूनच नोंदला जातो, आणि ३३.५ नॉट म्हणजे ६२.०४ किलोमीटर. वरच्या टोकाला ४७.५ नॉटचे ८७.९७, म्हणजे ८८. हिशोब जुळतो. मूळ वर्गवारी नॉटची आणि किलोमीटर हे तिचं भाषांतर, हे यावरून दिसतं.

हवामानाच्या नकाशावर वाऱ्याचे बाण असतात, त्यांच्या शेपटीवरच्या रेघाही नॉटमध्येच वाचायच्या. अर्धी रेघ ५ नॉट, पूर्ण रेघ १०, भरीव त्रिकोण ५०. दोन पूर्ण आणि एक अर्धी म्हणजे २५ नॉट. शेपूट ज्या बाजूला, वारा त्या बाजूकडून येतोय.

इशाऱ्यातल्या झोताच्या आकड्याकडे लोक दुर्लक्ष करतात, ते करू नका. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. २८ नॉट सरासरी असताना ४० नॉटचा झोत आला तर वेग दीडपटही झालेला नसतो, पण दाब दुप्पट होतो. केबिनचं छप्पर, ताडपत्री, नांगराची दोरी हे सगळं झोताला तुटतं, सरासरीला नाही. म्हणून ॲपमध्ये दोन आकडे दिसत असतील तर निर्णय मोठ्या आकड्यावर घ्यायचा. आणि वारा पाण्याच्या ओढीविरुद्ध असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेवढ्याच नॉटचा वारा खाडीच्या तोंडाशी फार वाईट वागतो.

शेवटचं, भावाच्या जीपीएसवरचे ७.५. यंत्राच्या सेटिंगमध्ये एककाचं पान असतं, ते उघडून पाहायला सांगा. तिथे सहसा तीन पर्याय असतात: सागरी, इंग्रजी मैलांचे आणि मेट्रिक. सागरी असेल तर वेगाजवळ ‘केएन’ किंवा ‘केटी’ अशी खूण दिसते, दोन्ही नॉटच. (जहाजाच्या दोरखंडांच्या कागदपत्रांत ‘केएन’ म्हणजे किलोन्यूटन, ते ताणाचं माप, तिथे गफलत करू नये.) इंग्रजी मैलांचं सेटिंग असेल आणि अंतर मात्र सागरी नकाशावरून काढलेलं असेल, तर घोळ होतो. ३० मैलांवरचं मासेमारीचं मैदान ७.५ नॉटने चार तासांत येतं. पण ते ७.५ इंग्रजी मैल असतील तर खरा वेग ६.५ नॉट, आणि लागतील ४ तास ३६ मिनिटं. दर फेरीला वेळ साधारण याच प्रमाणात लांबत असेल, तर इंजिनवाल्याला बोलवण्याआधी ते पान बघा. मेट्रिकवर असेल तर लगेच कळेल, कारण नेहमीच्या वेगाला आकडा १४ च्या जवळ दिसेल.

यंत्र सागरी सेटिंगवर असूनही वेळ चुकत असेल, तर भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहा. किनाऱ्याला समांतर जाताना एकदा उत्तरेकडे आणि एकदा दक्षिणेकडे, इंजिनाचे फेरे तेवढेच ठेवून, पाच-पाच मिनिटं जीपीएसचा आकडा टिपा. दोन्हींची सरासरी हा बोटीचा पाण्यातला वेग, आणि फरकाचा निम्मा भाग हा त्या रेषेतल्या पाण्याच्या ओढीचा. ८.५ आणि ६.५ आले तर बोट ७.५ ची आणि पाणी एक नॉटचं. ही चाचणी वारा पडलेला असताना, शक्यतो पहाटे करा.